राखीव फळी कधी उतरते? लोड बॅलन्सरमधल्या प्राधान्य गटांबद्दल वाचकांचे प्रश्न

लोड बॅलन्सर येणाऱ्या रिक्वेस्ट अनेक सर्व्हरांमध्ये वाटतो. त्यात सर्व्हरांचे मुख्य आणि राखीव असे प्राधान्य गट, म्हणजे प्रायॉरिटी ग्रुप, करता येतात. त्यांच्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसली. गटाला कोणता क्रमांक द्यायचा याची चर्चा पुष्कळ होते, पण राखीव गट नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारी किमान संख्या बहुतेक ठिकाणी अंदाजाने भरलेली असते. म्हणून त्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्याकडे चार नवे आणि दोन जुने सर्व्हर आहेत. जुन्यांवर शक्यतो ट्रॅफिक जाऊ नये म्हणून नव्यांना वेट १० आणि जुन्यांना १ दिलं. तरी जुन्यांवर रिक्वेस्ट येतातच. असं का?

वेट म्हणजे वाटा. चार नव्यांचे ४० आणि जुन्यांचे २, असे एकूण ४२ वाटे झाले. म्हणजे दर ४२ रिक्वेस्टपैकी २ जुन्यांकडे जाणारच. वेट कितीही कमी केलं तरी तो सर्व्हर पंगतीत बसलेलाच असतो, फक्त त्याच्या पानात कमी वाढलं जातं.

प्राधान्य गटाचं काम वेगळं आहे. पहिल्या फळीत पुरेसे सर्व्हर धडधाकट आहेत तोवर दुसऱ्या फळीला एकही नवं कनेक्शन मिळत नाही. पहिल्या फळीतली संख्या ठरलेल्या आकड्याखाली गेली की मगच दुसरी फळी उघडते. वेट लागू होतं ते उघडलेल्या सर्व्हरांमध्ये. आधी गट, मग वेट, हा क्रम लक्षात ठेवा.

जुन्यांना वेट ० देऊन पाहू नका. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सर सॉफ्टवेअरमध्ये वेट ० असलेला सर्व्हर वाटपातून पूर्ण बाहेर जातो, आणि बाकीचे सगळे पडले तरी तो मदतीला येत नाही. तुम्हाला हवा असलेला पर्याय म्हणजे कॉन्फिगरेशनमधल्या त्या दोन सर्व्हरांच्या ओळीवर ‘बॅकअप’ हा शब्द.

प्रश्न : मोठा क्रमांक आधी की लहान?

तुम्ही कोणतं लोड बॅलन्सर उत्पादन वापरता यावर हे ठरतं. एफ५ बिग-आयपीमध्ये मोठा आकडा आधी. एन्व्हॉयमध्ये ० ही सर्वोच्च पातळी. अझ्युअर ट्रॅफिक मॅनेजरमध्ये १ ते १००० आकडे चालतात आणि लहान आकडा आधी. डीएनएसमधल्या एसआरव्ही (सेवेचा सर्व्हर सांगणाऱ्या) आणि एमएक्स (मेलचा सर्व्हर सांगणाऱ्या) नोंदींतही लहान आकडाच आधी. एका प्रणालीतून दुसरीत जाताना आकडे जसेच्या तसे उचलले तर राखीव सर्व्हर पुढे आणि मुख्य सर्व्हर मागे, अशी उलटापालट होते. सगळं चालू असल्यामुळे ती लगेच लक्षातही येत नाही.

बिग-आयपीमध्ये सदस्याचा, म्हणजे यादीतल्या सर्व्हरचा, गट मुळात ० असतो आणि गट सक्रिय करण्याची सोयही मुळात बंद असते. नुसते क्रमांक भरले आणि ती सोय चालू केली नाही, तर सगळ्या सदस्यांना सरसकट ट्रॅफिक जातो. तिथे क्रमांक १०, ५ असे अंतर ठेवून द्यावेत, म्हणजे पुढे मध्ये एखादा गट घालता येतो. एन्व्हॉयमध्ये मात्र पातळ्या ०, १, २ अशा सलगच लागतात.

आणखी एक गल्लत टाळा. व्हीआरआरपी या प्रोटोकॉलमध्येही ‘प्रायॉरिटी’ असते, पण ती दोन लोड बॅलन्सरांपैकी कोणी पुढे उभं राहायचं हे ठरवते. मागच्या सर्व्हरांशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : ‘किमान सक्रिय सर्व्हर’ हा आकडा किती ठेवावा? आम्ही १ ठेवला आहे, म्हणजे मुख्य गट पूर्ण बंद पडला तरच राखीव गट येईल.

१ हा आकडा दिसायला काटकसरीचा आहे, पण मुख्य गटात दोनपेक्षा जास्त सर्व्हर असतील तर तो बहुधा चुकीचा असतो. आकडेमोड करून पाहू.

समजा ऐन गर्दीत सेकंदाला १,२०० रिक्वेस्ट येतात. लोड टेस्टमध्ये एक सर्व्हर ५०० पर्यंत नीट उत्तर देतो, त्यापुढे प्रतिसादाचा वेळ झपाट्याने वाढतो. नेहमीचा भार या मर्यादेच्या ७० टक्क्यांवर, म्हणजे ३५० वर ठेवायचा असं धरू. १,२०० भागिले ३५० म्हणजे ३.४३. पूर्णांक घ्यायचा तर किमान ४ सर्व्हर हवेत. मुख्य गटात ५ आणि राखीव गटात २ सर्व्हर आहेत असं माना.

किमान संख्या १ ठेवली तर काय होतं? एक पडला तर उरलेल्या चौघांवर प्रत्येकी ३००. दोन पडले तर तिघांवर ४००, म्हणजे धोक्याच्या पट्ट्यात. तीन पडले की दोघांवर ६००, आणि ही मर्यादेपलीकडची संख्या आहे. ते दोघे बिघडलेले नाहीत, फक्त भाराखाली दबले आहेत. पण हेल्थ चेकला, म्हणजे सर्व्हर ठीक आहे का या ठरावीक वेळाने होणाऱ्या तपासणीला, वेळेत उत्तर न मिळाल्यामुळे तेही बाद होतात, आधी एक आणि मग काही सेकंदांत दुसरा. आता राखीव गट उतरतो, पण तो एकटा! त्याच्या दोन सर्व्हरांवर पहिल्या क्षणापासून ६०० रिक्वेस्ट, वर अपयशी ठरलेल्या क्लायंटांचे पुन्हा पुन्हा होणारे प्रयत्न. तेही बसतात. खरा बिघाड तीन सर्व्हरांत होता, पण सातही गेले. पत्त्यांचा बंगला कोसळावा तसं हे होतं, आणि त्याला कारण तो एक आकडा.

आता किमान संख्या ४ ठेवा. बिग-आयपीच्या भाषेत ‘चारपेक्षा कमी उपलब्ध सदस्य’. चार उरले तर प्रत्येकी ३००, राखीव गटाची गरज नाही. तीन उरले की राखीव दोघे सोबत येतात आणि पाच जणांवर प्रत्येकी २४०. मुख्य गटात दोनच उरले तर चौघांवर ३००. एकच उरला तर तिघांवर ४००, ताणाचं पण निभावणारं. बिग-आयपीमध्ये राखीव गट मुख्य गटाची जागा घेत नाही, त्याला येऊन मिळतो. ही गोष्ट अनेकांना माहीत नसते, आणि या हिशेबाचा सगळा फायदा तिथेच आहे.

मुख्य गट पूर्ण गेला तर मात्र वरच्या उदाहरणातले दोन राखीव सर्व्हर पुरणार नाहीत. सगळे मुख्य सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एकाच स्विचवर किंवा एकाच झोनमध्ये असतील तर ते एकदमच जातात, आणि तेव्हा राखीव गटातही ४ हवेत. राखीव गट किती मोठा असावा हे सर्व्हरांच्या संख्येवर ठरत नाही. एका फटक्यात काय काय जाऊ शकतं यावर ते ठरतं.

राखीव सर्व्हर कमी ताकदीचे असतील तर वेटही नीट द्या. समजा त्यांची मर्यादा २५० आहे. मुख्यांना २ आणि राखीवांना १ वेट दिलं, तर तीन मुख्य आणि दोन राखीव मिळून ८ वाटे होतात. एक वाटा १५०. मुख्यांवर ३०० आणि राखीवांवर १५०, म्हणजे दोघेही आपापल्या मर्यादेच्या ६० टक्क्यांवर. वेट सारखं ठेवलं असतं तर राखीवांवर २४० आले असते, म्हणजे २५० च्या अगदी काठावर.

दुसरं टोकही टाळा. पाचाच्या गटात किमान संख्या ५ ठेवली, तर अपडेटसाठी एक सर्व्हर बाजूला काढला तरी राखीव गट उघडतो. राखीव गट दूरच्या डेटासेंटरमध्ये असेल तर एका साध्या अपडेटपायी ग्राहकांना संथ सेवा मिळते.

प्रश्न : एचएप्रॉक्सीमध्ये ‘किमान चार’ अशी अट कशी घालायची? बॅकअप तर सगळे मुख्य सर्व्हर गेल्यावरच चालू होतात.

बरोबर, तिथे ‘बॅकअप’चा अर्थ तोच आहे. शिवाय दोन बॅकअप लिहिले तरी मुळात पहिलाच वापरला जातो. सगळे वापरायचे असतील तर ‘ऑप्शन ऑलबॅकअप्स’ लिहावं लागतं. ही ओळ राहून जाणं ही नेहमी दिसणारी चूक आहे.

किमान संख्येसाठी दोन बॅकएंड, म्हणजे सर्व्हरांच्या दोन याद्या, करा. पहिल्यात फक्त पाच मुख्य सर्व्हर, दुसऱ्यात सातही. फ्रंटएंडमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट स्वीकारणाऱ्या भागात, ‘एनबीएसआरव्ही’ हे फंक्शन वापरून पहिल्या बॅकएंडमधले वापरण्याजोगे सर्व्हर मोजा, आणि ते चारपेक्षा कमी असतील तर ‘यूज बॅकएंड’ने ट्रॅफिक दुसऱ्याकडे वळवा. दुसऱ्या बॅकएंडमधल्या मुख्य सर्व्हरांच्या ओळींवर ‘ट्रॅक’ लावून पहिल्यातल्या ओळींची प्रकृती वापरायला सांगा. नाहीतर एकाच सर्व्हरवर दोन-दोन हेल्थ चेक चालतात आणि दोन्हींचं मत काही काळ वेगळं असू शकतं.

इथे एक खाचखळगा आहे. ‘मॅक्सकॉन’ ही एका वेळच्या कनेक्शनांची मर्यादा प्रत्येक बॅकएंडमधल्या ओळीपुरती असते. सर्व्हरवर २०० ची मर्यादा दोन्हीकडे लिहिली, तर ट्रॅफिक वळण्याच्या क्षणी जुन्या बॅकएंडची चालू कनेक्शनं आणि नव्याची मिळून ती २०० च्या वर जाऊ शकतात. थोडी जागा सोडून आकडा ठरवा.

प्रश्न : मुख्य सर्व्हर भाराने अक्षरशः रांगत होते, राखीव सर्व्हर रिकामे बसले होते, तरी लोड बॅलन्सरने त्यांना हात लावला नाही. यंत्रणेत बिघाड आहे का?

नाही. प्राधान्य गट भार मोजत नाही, तो हजेरी मोजतो. सर्व्हर हेल्थ चेकला ‘ओके’ म्हणतो आहे तोवर तो हजर, मग खऱ्या ग्राहकाला उत्तर द्यायला त्याला आठ सेकंद लागत असले तरी. एचएप्रॉक्सीमध्ये सगळ्या मुख्य सर्व्हरांचं मॅक्सकॉन भरलं तरी बॅकअप जागे होत नाहीत. रिक्वेस्ट रांगेत उभ्या राहतात.

उपाय दोन. पहिला, हेल्थ चेकला खरं काम करायला लावा. नुसतं टीसीपी कनेक्शन जुळलं म्हणजे सर्व्हर बरा असं धरू नका. अॅप्लिकेशनच्या एका पानावर एचटीटीपी चेक ठेवा आणि त्याला २ सेकंदांसारखी कडक मुदत द्या. पण हे करताना जपून. मुदत फार आवळली तर ऐन गर्दीत चांगले सर्व्हर बाद होतात आणि वर सांगितलेली पडझड आपणच ओढवून घेतो. दुसरा उपाय आम्हाला जास्त पटतो : एचएप्रॉक्सीचं ‘ॲव्हरेज क्यू’ वापरा. दर सर्व्हरमागे रांगेत किती कनेक्शनं आहेत हे ते सांगतं. रांग ठरावीक आकड्याच्या वर गेली की सातही सर्व्हर असलेल्या बॅकएंडकडे वळवा. कोणालाही बाद न करता मदत मिळते.

हेल्थ चेकच्या पानात डेटाबेसची तपासणीही घालावी का, असं याच वाचकांनी विचारलं आहे. दोन्ही गट एकाच डेटाबेसवर चालत असतील तर घालू नका. डेटाबेस क्षणभर अडखळला की सगळे सर्व्हर एकदम बाद होतात आणि उतरवायला राखीव फळीच उरत नाही.

प्रश्न : ट्रॅफिक दोन गटांमध्ये दर अर्ध्या मिनिटाला हेलकावे खातो. कुठे पाहावं?

आधी किमान संख्या पाहा. ती नेहमीच्या हजेरीइतकीच असेल तर एका आजारी सर्व्हरच्या ये-जा करण्याने गट उघडतो-मिटतो. मग हेल्थ चेकचे आकडे पाहा. एचएप्रॉक्सीमध्ये मुळात दर २ सेकंदांनी तपासणी, ३ अपयशांनंतर बाद आणि २ यशांनंतर परत, असं असतं. म्हणजे बाद व्हायला साधारण ६ सेकंद आणि परत यायला त्याहून कमी. हे प्रमाण उलटं हवं. बाद लवकर करा, परत उशिरा घ्या. परतीसाठी लागणाऱ्या यशांची संख्या, म्हणजे ‘राइज’, २ वरून १० केली तर सर्व्हर जवळपास २० सेकंद सलग नीट राहिल्यावरच आत येतो.

बाद व्हायला लागणाऱ्या त्या ६ सेकंदांचीही किंमत आहे. १,२०० रिक्वेस्ट पाच जणांत वाटल्या तर मेलेल्या सर्व्हरच्या वाट्याला त्या अवधीत १,४४० येतात. सर्व्हर कनेक्शनच नाकारत असेल तर ‘ऑप्शन रीडिस्पॅच’ने पुढचा प्रयत्न दुसऱ्या सर्व्हरवर होतो आणि बऱ्याच वाचतात. बिग-आयपीच्या एचटीटीपी मॉनिटरमध्ये, म्हणजे तिथल्या हेल्थ चेकमध्ये, मुळात ५ सेकंदांचं अंतर आणि १६ सेकंदांची मुदत असते, म्हणजे अंतराची तिप्पट अधिक एक. अंतर बदललं तर मुदतही त्याच हिशेबाने बदला.

परत आलेला सर्व्हर थंड असतो. त्याचे कॅश रिकामे, डेटाबेसची कनेक्शनं अजून जुळायची. त्याच्यावर लगेच पूर्ण वाटा टाकला की तो पुन्हा बसतो, आणि हेलकाव्यांचं हेही एक कारण. एचएप्रॉक्सीत ‘स्लोस्टार्ट’ ६० सेकंद दिलं तर त्याचं वेट मिनिटभरात हळूहळू वाढतं.

प्रश्न : मुख्य गट तासाभरापूर्वी पूर्ववत झाला, तरी कितीतरी वापरकर्ते अजून राखीव सर्व्हरवरच आहेत. त्यांना परत कसं आणायचं?

गट मिटतो तो नव्या कनेक्शनांपुरता. चालू कनेक्शनं आणि चिकट सेशन, म्हणजे कुकीने एका सर्व्हरला बांधलेले वापरकर्ते, आहेत तिथेच राहतात. वेबसॉकेटसारखं सतत उघडं राहणारं कनेक्शन तर दिवसभरही टिकू शकतं.

एचएप्रॉक्सीत कुकी वापरत असाल तर सगळ्यात सोपं म्हणजे बॅकअप सर्व्हरच्या ओळीवर कुकीचं मूल्यच लिहू नका, म्हणजे वापरकर्ता त्याला बांधला जाणार नाही. लांबलेली कनेक्शनं तोडायची असतील तर मुख्य सर्व्हरच्या ओळीवर ‘ऑन-मार्क्ड-अप शटडाउन-बॅकअप-सेशन्स’ लिहिता येतं, पण ते कोणतीही सूचना न देता तोडतं. क्लायंट स्वतःहून पुन्हा जोडणी करत असेल तरच वापरा. बिग-आयपीमध्ये हाताने करायचं असेल तर राखीव सदस्याला ‘डिसेबल्ड’ न करता ‘फोर्स्ड ऑफलाइन’ करा. डिसेबल्ड सदस्य चिकट सेशनवाल्यांची नवी कनेक्शनं घेतच राहतो, फोर्स्ड ऑफलाइन फक्त चालू असलेली पूर्ण होऊ देतो. सगळे परतल्यावर त्याला पुन्हा ‘एनेबल्ड’ करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी राखीव फळीच गैरहजर असेल.

लॉगिनची माहिती सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत असेल तर यातलं काहीही केलं तरी लोक लॉगआउट होणार. ती रेडिससारख्या सामायिक ठिकाणी हलवणं हाच खरा इलाज.

प्रश्न : एन्जिनएक्समध्ये ‘बॅकअप’ लिहिल्यावर कॉन्फिगरेशन तपासणीत चूक दाखवतं.

तुमच्या अपस्ट्रीममध्ये, म्हणजे सर्व्हरांच्या यादीत, ‘आयपी हॅश’, ‘हॅश’ किंवा ‘रँडम’ ही वाटपाची पद्धत असेल. या तिन्हींसोबत ‘बॅकअप’ चालत नाही. राउंड रॉबिन किंवा ‘लीस्ट कनेक्शन’ घ्या. सोबत ‘झोन’ही (सगळ्या वर्करांची सामायिक मेमरी) लिहा. ते नसेल तर प्रत्येक वर्कर प्रोसेस अपयशांची मोजदाद स्वतंत्रपणे ठेवते आणि एका वर्करच्या मते पडलेला सर्व्हर दुसऱ्याच्या मते चालू असतो. एन्जिनएक्सच्या मुक्त आवृत्तीत मुळात १ अपयश आलं की सर्व्हर १० सेकंद बाजूला जातो, आणि नंतर तो बरा झाला का हे एखाद्या खऱ्या ग्राहकाची रिक्वेस्ट पाठवूनच पाहिलं जातं.

प्रश्न : एन्व्हॉयमध्ये किमान संख्या कुठे लिहायची ते सापडत नाही.

तिथे ‘चारपेक्षा कमी’ अशी पायरी नाही, उतार आहे. पातळी ० मधल्या धडधाकट सर्व्हरांची टक्केवारी १.४ ने गुणली जाते. उत्तर १०० किंवा जास्त आलं तर सगळा ट्रॅफिक पातळी ० वर. दहापैकी आठ चांगले असतील तर ११२, काही हलत नाही. सात असतील तर ९८, म्हणजे २ टक्के ट्रॅफिक पातळी १ कडे. पाच असतील तर ७० आणि ३०. हा १.४ बदलता येतो. तुमचे सर्व्हर एरवीच ८० टक्के भरलेले असतील तर तो कमी करा, कारण १.४ मध्ये गृहीत धरलेली मोकळी जागा तुमच्याकडे नाही.

दोन्ही पातळ्या मिळूनही पुरेसे सर्व्हर उरले नाहीत, आणि पातळीतले धडधाकट सर्व्हर ५० टक्क्यांखाली गेले, तर एन्व्हॉय मुळात ‘पॅनिक’ अवस्थेत जातो आणि आजारी सर्व्हरांनाही रिक्वेस्ट देतो. विचित्र वाटतं, पण उरलेल्या एक-दोघांना चिरडण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : डेटाबेससाठी हेच वापरू का? प्रायमरी, म्हणजे जिथे नोंदी लिहिल्या जातात तो सर्व्हर, पहिल्या गटात आणि रेप्लिका, म्हणजे त्याची प्रत, दुसऱ्यात?

लिहिण्याच्या कामासाठी अजिबात नको. प्रायमरीशी लोड बॅलन्सरचा संपर्क तुटला म्हणून रेप्लिका आपोआप प्रायमरी होत नाही, तिला बढती द्यावी लागते. बढती देऊन झाल्यावर जुना प्रायमरी परत आला तर प्राधान्य गट ट्रॅफिक इमानदारीने त्याच्याकडेच वळवेल, आणि दोन ठिकाणी दोन वेगळ्या नोंदी साठू लागतील. कोण प्रायमरी हे ठरवणं डेटाबेसच्या व्यवस्थापकाचं काम. पोस्टग्रेस डेटाबेससोबत पॅट्रोनी हा असा व्यवस्थापक असेल तर त्याच्या ८००८ पोर्टवर ‘प्रायमरी’ हा पत्ता फक्त खऱ्या प्रायमरीवर २००, म्हणजे ‘ठीक’, असं उत्तर देतो. सगळे सर्व्हर एकाच गटात ठेवा, हेल्थ चेक या पत्त्यावर लावा, आणि एचएप्रॉक्सीत ‘ऑन-मार्क्ड-डाउन शटडाउन-सेशन्स’ लिहून जुनी कनेक्शनं तोडा.

प्रश्न : हे सगळं प्रत्यक्ष चालतं की नाही, हे आधी कसं तपासायचं?

बहुतेक जण सर्व्हर मेंटेनन्समध्ये टाकतात आणि राखीव गट आला की समाधान मानतात. त्याने फक्त किमान संख्या तपासली जाते, हेल्थ चेक नाही. कमी गर्दीच्या वेळी तीन वेगळे प्रकार करून पाहा. एक, प्रोसेस बंद करा. कनेक्शन लगेच नाकारलं जातं, हा सोपा प्रकार. दोन, फायरवॉलवर पोर्टचे पॅकेट गुपचूप टाकून द्या. आता उत्तरच येत नाही आणि टाइमआउट किती लांब आहेत ते कळतं. तीन, प्रोसेसला ‘सिगस्टॉप’ सिग्नल द्या. ती गोठते, पण टीसीपी कनेक्शन कर्नल स्वीकारतच राहतो, म्हणून टीसीपी चेक ‘सगळं ठीक’ म्हणतो आणि ग्राहक ताटकळतात. एचटीटीपी चेक असेल तर तो सर्व्हर बाद व्हायला हवा. नंतर ‘सिगकॉन्ट’ देऊन प्रोसेस सोडा.

प्रत्येक प्रकारात घड्याळात पाहून या चार वेळा टिपा : बिघाड केला ती, सर्व्हर बाद झाला ती, राखीव सर्व्हरवर पहिली रिक्वेस्ट पोचली ती, आणि परतीनंतर राखीववरचं शेवटचं कनेक्शन संपलं ती. राखीव सर्व्हरवर अॅप्लिकेशनची आवृत्ती, प्रमाणपत्रांची मुदत आणि डेटाबेसपर्यंतची वाट हेही त्याच वेळी पाहून घ्या. महिनोन्‌महिने ट्रॅफिक न पाहिलेल्या सर्व्हरवर नेमकं यातलंच काहीतरी जुनं राहिलेलं असतं, आणि साध्या हेल्थ चेकला ते दिसत नाही.